अण्णांच्या बीपीवर गोल्फचा उतारा

कोर्टात तारखा आणि गोल्फच्या मैदानावर किस्से, दोन्ही आपोआप वाढत जातात. मी बेळगावातला वकील, त्यामुळे दोन्हींचा साठा माझ्याकडे भरपूर! पण आमच्या रविवारच्या टोळीतले निम्मे किस्से एकट्या अण्णांचे आहेत.

अण्णांची उद्यमबागेत लोखंड ओतायची फौंड्री. भट्टीचा आवाज मोठा, अण्णांचा त्याहून मोठा, आणि बीपी दोघांच्याही वर! पुण्यातला मुलगा महेश धास्तावला आणि कारखान्यासाठी गिऱ्हाईकच घेऊन आला. "बाबा, विकून टाका. ही भट्टी तुम्हाला घेऊन जाईल."

तीस वर्षं घाम गाळून उभी केलेली फौंड्री ती!  अण्णा म्हणाले, "दसऱ्यापत्तर थांब. खंडेनवमीला डॉक्टर बीपी मोजतील. उतरलं नसंल तर तिथंच सही करतो."

आमच्या टोळीतल्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर गोल्फही लिहून दिलं.

"गोळी वाढवा की डॉक्टर! बॉलमागं पळायचं वय हाय काय माझं?"

"पळायचं नाही, चालायचं. आणि ओरडायचं नाही."

दुसरी अट ऐकून अण्णांचा चेहरा पडला.

*

पहिल्या दिवशी अण्णांनी स्टिक जी फिरवली, की बॉल जागच्या जागी आणि वीतभर हिरवळ उडून डॉक्टरांच्या बुटावर! सोबत फौंड्रीचा फोरमन परशराम आलेला. माणूस येळ्ळूरचा, घरची शेती. त्यानं ते ढेकूळ उचलून नीट निरखलं.

"मालक, भुईमूग काढालाय काय?"

अण्णांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी बोट वर केलं. अण्णांनी तोंड मिटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या!

*

ओतीव माल तपासायचा तर त्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, ही अण्णांची जुनी सवय. भेग असली की आवाज बद्द येतो. मी हौसेनं त्यांना डझनभर नवे बॉल भेट दिले. अण्णांनी एकेक बॉल हातोडीच्या दांड्यानं ठोकून कानाशी धरला आणि पाच बाजूला काढले.

"वकीलसाब, हे रिजेक्ट."

मी ते पाच गुपचूप वापरतोय. माझा खेळ काही सुधारला नाही, तेव्हा अण्णांचं बरोबर असावं.

*

दुसरं कुणी पुट मारताना, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलताना, आपण गप्प बसायचं, हा या खेळाचा नियम. एकदा डॉक्टर पुट मारायला वाकले आणि अण्णांचा फोन थरथरला. फौंड्रीतून विचारत होते, लोखंडाचा रस तयार झालाय, ओतायचा काय?

अण्णा तोंडावर हात धरून कुजबुजले, "ओता."

तासाभरात तीन मोटरसायकली मैदानात! परशराम पुढं, मागं सहा कामगार, हातात शहाळी. परशरामच्या डोळ्यांत पाणी. "मालकांचा आवाज बसला म्हटल्यावर आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. तिथं न्हाय म्हणाले, म्हणून हिकडं आलो."

"आणि रस?"

"ओतूनच आलोय की!"

त्या दिवशीच्या मालात एकही नग रिजेक्ट निघाला नाही. तेव्हा अण्णांना शंका आली, की इतकी वर्षं आपण ओरडत होतो ते कशासाठी?

*

श्रावणात अण्णांचा एक बॉल होलच्या काठावर येऊन थांबला. पडला असता तर आयुष्यातला पहिला पार, म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांत होल पूर्ण! पूर्वीच्या अण्णांनी जमिनीवर लाथ मारली असती. डॉक्टर म्हणाले, "नियमानं दहा सेकंद थांबता येतं." अण्णा हाताची घडी घालून उभे राहिले. आम्ही मोजत होतो. सात, आठ, नऊ... टप्!

ओरडलो ते आम्ही. अण्णा नुसते हसत होते!

*

आणि मग खंडेनवमी उजाडली. त्याच दिवशी अकराला क्लबची फायनल, अण्णा विरुद्ध डॉक्टर! आधी फौंड्रीत पूजा, मग बीपी, मग मॅच असा बेत. महेश विक्रीची फाइल घेऊन हजर. डॉक्टर बॅग टेबलावर ठेवून भट्टी बघायला गेले होते. मीही सोबत होतो.

परतलो तर पूजा मांडून झालेली. नटबोल्टचे पाने, हातोड्या, साचे, आणि त्यांच्या शेजारी ओळीनं अण्णांच्या चौदाच्या चौदा स्टिका! हळदीकुंकू लावलेल्या, झेंडू बांधलेल्या.

"अगं, अकराला फायनल हाय माझी!"

अण्णांच्या सौभाग्यवती शांता वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पुजलेल्या हत्याराला उद्यापत्तर हात लावायचा न्हाय."

कामगार दोन पावलं मागं सरकले. एकानं तर कानावर हात ठेवले.  सहा महिन्यांची मेहनत, तीस वर्षांची फौंड्री, सगळं आता एका आरोळीवर आलं होतं.

अण्णांनी स्टिकांकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. एक लांब श्वास घेतला.

"बरं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी घाईघाईनं बॅग उघडली. बीपीचं मशीन नव्हतं! ते हातोडीच्या शेजारी बसलं होतं, पट्ट्यावर कुंकू आणि वर झेंडूचं फूल.

"वहिनी, आता मोजायचं कसं?"

"ते बी हत्यारच की डॉक्टर! उद्या या."

परशराम पुढं आला. "मोजायला कशाला पायजे? मालकीणबाईंनी फायनल बुडवली तरी मालक 'बरं' म्हणाले! एकोणीस वर्सांत पैल्यांदा ऐकालोय मी."

 महेशनं फाइल बॅगेत घातली, बाह्या वर केल्या आणि आईला विचारलं, "नारळ कुठं फोडायचा?"