बराकपूरच्या तंबूची गाठ

मंडळी, आज मला जेवण गेलं नाही.

सत्तरच्या दशकात मी कलकत्त्यात स्काऊट होतो. पथकात मराठी दोघंच, मी आणि शिरीष, पण तुकड्या वेगळ्या. बराकपूरच्या शिबिरात मी बांधलेला तंबू ऐन तपासणीत कोसळला. सरांनी सगळ्यांसमोर माझा स्कार्फ काढून घेतला.

तेव्हा एकट्या शिरीषनं डावा हात पुढे केला. स्काऊट विश्वासाचा हात डावाच देतात. म्हणाला, "तुझी गाठ पक्की होती रे, मला माहितीये."

त्या वाक्यावर मी त्याला आयुष्यभर जिवलग मानलं.

आज फोनवर तो हसत म्हणाला, "अरे, ती गाठ मीच सोडली होती. नाहीतर तुमची तुकडी जिंकली असती."

रविवारी तो घरी येतोय. कोणता हात पुढे करू?