बापूंनी दल मॉडर्न केलं

२ मार्च, सोमवार. पहाटे थंडी, दहापासून कडक ऊन. बेदाण्याला चांगली हवा.

आमच्या ग्रामसुरक्षा दलाचे किस्से सांगायला बसलं तर एका चहात भागत नाही. एक सांगून होईतो दुसरा घडलेला असतो! तासगावच्या पलीकडं आमचं गाव. शेडवरचा बेदाणा चोरीला जायला लागला, तेव्हा सरपंच बापूंनी ग्रामसभेत माईक घेऊन सांगितलं, "दल मॉडर्न करतो. यंदा एक पेटी जरी गेली, तर खुर्ची सोडतो!"

*

आधी बूट आले. सगळे दहा नंबरचे. बापूंच्या मेव्हण्याच्या दुकानात तेवढेच शिल्लक होते. कवायत घ्यायला साताऱ्याहून रिटायर सुभेदार आबा आले. आबा गरजले, "पीछे मुड!"

दल मुडलं. बूट होते तिकडंच तोंड करून राहिले!

*

मग वॉकीटॉकी. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, हे आबांनी घोकून घेतलं. वेशीवरून दलातला सदा म्हणाला, "इकडं समदं ठीक हाय. ओव्हर."

शेडवरून दिनू म्हणाला, "कितवी रं? टाकतंय कोन?"

*

मग परवलीचा शब्द. बापूंनी ठेवला 'विकास'. पहिल्याच संध्याकाळी सदानं वेशीवर एकाला अडवलं. "थांब! कोन येतंय?"

"विकास."

सदानं सॅल्यूट ठोकून सोडलं. तो शेजारच्या गावचा विकास होता, काखेत बापूंचा कोंबडा!

बापू भडकले, "आरं, नाव तरी इचारायचंस!"

"आवं, नावच सांगितलं की त्यानं!"

*

आणि परवाचा. तालुक्याचे साहेब तपासणीला आले. त्यांना दाखवायला बापूंनी मॉक ड्रिल ठेवलं. नाटकातली तीन पोरं चोर होऊन टेम्पोतून येणार, बापूंच्याच शेडवरच्या पेट्या भरणार, आबांची शिट्टी झाली की दलानं धरायचं.

टेम्पो आला. तिघं उतरले, पेट्या भरायला लागले. साहेब म्हणाले, "वा! अगदी खरं वाटतंय!"

एकाला पेटी उचलेना. सदानं हात दिला, "दमानं गड्या, कंबर धरंल." दिनूनं टेम्पो मागं घेऊन दिला, "येऊ द्या, येऊ द्या!" आबांनी शिट्टी तोंडाला लावली, तर बापूंनी हात धरला. "आवं थांबा, सायबास्नी समदं बघू द्या."

टेम्पो भरला आणि निघाला. मग शिट्टी झाली. टेम्पो थांबला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबतात तोवर दुसरा टेम्पो येऊन उभा राहिला. तीन पोरं उतरली. "बापू, पंक्चर काढत हुतो, उशीर झाला. चोरी कवा करायची?"

साहेबांचा शेरा तोवर लिहून झाला होता: सराव हुबेहूब, पहिला क्रमांक. पेट्या मिळाल्या नाहीत. बापूंनी आज सकाळी राजीनामा पाठवला.