सासूच्या चेहऱ्याचं सैन्य

"चोरी तुनंच शिकवली मले, वहिनी! आता काहून बोंबलून राहिली?" सौरव बैठकीच्या मधोमध उभा राहून ओरडत होता.

कामिनीने दुपारी धरमपेठेतल्या खेळण्यांच्या दुकानातून आणलेला खोका टीपॉयवर उपडा केला. बोटभर उंचीच्या म्हाताऱ्यांच्या मूर्ती बाहेर पडल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, कुणाच्या हातात विळा, कुणाच्या हातात मुसळ. सगळ्यांचं नाक डावीकडे वाकडं आणि खालचा ओठ पुढे आलेला.

"हे तं मी होय!" सिंधूताई म्हणाल्या. चष्मा न लावताही सासूबाईंना ओळख पटली.

"तुम्हीच आहा, आई. मेणात म्या घडवलं तुम्हाले. आता खोक्यावर कोणाचं नाव आहे ते पाहा."

खोक्यावर 'शिल्पकार : सौरव' असं छापलेलं होतं.

लग्नाआधी कामिनी जरीपटक्यात दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. लग्नानंतर ते काम प्रताप नगरच्या या घरी, मागच्या खोलीत आलं. दिराला, सौरवला, टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायचा नाद होता, आणि परदेशी कंपनीच्या सैनिकांचा खोका म्हणजे खिशाला भगदाड. एकदा तो एकच सैनिक घेऊन तिच्याकडे आला. "कवळीचा साचा निघते, तं याचा काहून नाही निघणार?" निघाला. सिलिकॉनचा साचा, त्यात ओतलेलं, प्लास्टिकसारखं घट्ट होणारं रेझिन, आणि एका सैनिकाची पलटण झाली. घरच्या खेळापुरतंच, असं ठरलं होतं. मग मित्रांसाठी, मग मित्रांच्या मित्रांसाठी, पैसे घेऊन. कामिनीला सगळं दिसत होतं. पण "वहिनी, तुझ्यासारखा हात नाही कोणाचा" हे ऐकायला गोड लागायचं, म्हणून ती गप्प बसली.

परक्यांचे चेहरे ओतून ओतून कंटाळा आला, तेव्हा तिने कवळ्यांच्या उरल्यासुरल्या मेणातून स्वतःची फौज घडवली. चेहरा रोज समोर होता तोच घेतला. सौरव म्हणाला, "आमच्या खेळाच्या क्लबात दाखवून आणतो." तिने विश्वासाने दिली. तिथे त्याने तिच्याच पद्धतीने साचे काढले आणि खोके भरून दुकानात विकायला ठेवले.

"घरात कोणी कॉपीराइट पाहते का?" सौरव आता समजावणीच्या सुरात आला. "कॉपीराइट कंपनीचा असते."

"नाव त्याचं असो का तुझं," तिचा नवरा अंकुश मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "आडनाव तं एकच आहे ना?"

"आई, तुमचा पोरगा तुमचं तोंड विकून राहिला."

"विकू दे ना वं. तोंड माझं, पोरगा माझा. तुझं काय गेलं?"

कामिनीने शेवटचं विचारलं, "खोके परत बोलावतो का? माझं नाव छापतो का?"

"कामिनी नाव वाचून कोण घेईन वं? लोकायले वाटन, साडीचं दुकान आहे!"

अंकुश हसला. सिंधूताईही पदर तोंडाला लावून हसल्या. ते हसले नसते, तर कामिनी कदाचित निमूट स्वयंपाकाला लागली असती.

ती मागच्या खोलीत गेली आणि जुन्या साच्यांची टोपली घेऊन आली. परदेशी कंपनीच्या एकेका सैनिकाचा साचा तिने टीपॉयवर मांडला. त्याच कंपनीची नागपूरची एजन्सी सौरवला मिळणार होती; गल्लीत पेढे वाटून झाले होते.

सौरवचं हसू जागच्या जागी थिजलं. "वहिनी, असं नको करू. तूही अडकशीन."

"अडकीन ना."

त्याचा पडलेला चेहरा तिने डोळे भरून पाहिला. मेणात असा चेहरा कधी साधला नसता. अंकुशने आता मोबाइल खाली ठेवला होता.

"मी आज कंपनीले लिहून राहिली," ती तिघांना म्हणाली. "साचे म्या केले, माल सौरवनं विकला. फोटो जोडून दोघांचीही नावं देणार आहो."