दिगंबर सर आणि माझी बिननावाची बटणं

दिगंबर सरांची आणि माझी ओळख त्यांच्या तक्रारीतून झाली, आणि तक्रारी अजून संपलेल्या नाहीत. मुदखेड स्टेशनासमोर झेरॉक्सच्या एका मशीनवर सुरुवात करून मी नांदेडात वधू-वर सूचक वेबसाइट काढली होती, आणि तिचा मला भलताच अभिमान होता. एके दिवशी सरांचा फोन आला. "लातूरहून बोलतो. मला दिसत नाही, माझा मोबाइल मला वाचून दाखवतो. सकाळपासून तो तुमची साइट 'चित्र, चित्र, चित्र' अशी वाचून राहिलाय. आत माणसं आहेत की नुसत्या फ्रेमा?"

मी लगेच सगळ्या फोटोंना 'सुस्वरूप, सुशील, हसतमुख' असं वर्णन जोडून मोकळा झालो. सरांनी तासभर ऐकलं आणि अगदी आदरानं विचारलं, की एकाच मुलाचे इतके फोटो कशाला लावले? तेव्हापासून मी खरं वर्णन लिहू लागलो. 'नव्या मोटरसायकलला टेकून उभा' एवढं लिहिल्यावर बिलोलीचे एक गृहस्थ मुलासाठी नव्हे, मोटरसायकलसाठी भांडायला आले. ती त्यांची होती.

सर खरे कळले ते रेखाताईंच्या वेळी. रेखाताई म्हणजे सर शिकवत त्या अंधशाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी, लातुरात बँकेत नोकरीला. हदगावचे एक शिक्षक त्यांना पसंत पडले. साइटवर पसंतीसाठी लाल बदाम आणि नकारासाठी फुली अशी दोन चित्रं होती. त्यांना नावं द्यायचं मला सुचलंच नव्हतं, म्हणून ताईंचा मोबाइल दोन्हींना नुसतं 'बटण' म्हणाला. ताईंनी त्यातलं एक दाबलं आणि उत्तराची वाट बघत बसल्या. सरांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की हदगावला नकार पोचला होता आणि तिकडे दुसरी स्थळं बघणं सुरू होतं.

मी म्हटलं, माफीचा मेसेज पाठवतो. सर म्हणाले, मेसेजनंच घोळ केलाय. दुसऱ्या दिवशी ते नांदेडात हजर झाले आणि मला हदगावच्या बसमध्ये घालून घेऊन गेले.

मुलाचे वडील गणपतराव यांना मी बदाम, फुली सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे तुमच्या दुकानात कोण हाव म्हणलं अन् कोण न्हाई, तुमाला बी ठावं न्हाई?"

सर म्हणाले, "चूक यांच्या बटणांची आहे, पोरीची नाही. आत्ता इथं बसून हे बटणांना नावं देतील."

गणपतरावांच्या बाजेवर लॅपटॉप उघडून मी दोन शब्द लिहिले: 'पसंत', 'नापसंत'. इतकं छोटं काम मी इतक्या लोकांच्या नजरेखाली कधी केलं नव्हतं. सरांनी दोन्ही बटणं स्वतः ऐकून खात्री केली, मग ताईंना फोन करून सांगितलं, की बटणांना आता नावं आहेत. मी घाईनं कुजबुजलो, सर, 'पसंत' दाब म्हणून सांगा की.

"तेवढं सोडून सगळं सांगीन," सर म्हणाले. "ते तिचं आहे."

चहावर साय धरली. मग मुलाचा मोबाइल वाजला. सरांनी हळूच विचारलं, काय झालं?

"शिक्षक लाजून राहिलेत, सर," मी म्हटलं.

सर एकसष्टीत पोचले, त्यांनी खुशाल शंभरी गाठावी आणि प्रकृती ठणठणीत ठेवावी. आमच्या भागातल्या अजून कितीतरी लेकींचं हो किंवा नाही कुणाच्या तरी साइटवर अडकून पडलंय, आणि आम्हा साइटवाल्यांना जागं करायला सरांचाच फोन लागतो.