परदेशी पाहुण्यांचा शनिवार

जगाची ओळख करून देणारा उपक्रम शाळेत सुरू करायचं ठरलं आणि मुख्याध्यापकांनी तो माझ्या गळ्यात मारला. परदेशी माणसांना वर्गात बोलवायचं, मुलांनी त्यांना प्रश्न विचारायचे, एवढंच. पण रत्नागिरीत परदेशी माणूस आणायचा कुठून? महिनाभर मी ओळखीच्या सगळ्यांना फोन करून भंडावून सोडलं. शेवटी मांडवीला एका लॉजवर उतरलेलं जर्मन जोडपं यायला तयार झालं आणि मी शाळाभर मिरवून घेतलं.

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी नेपाळची होती. तिचे आईवडील आमच्याच आंब्याच्या बागेत राखणीला होते. इकडे कितीतरी बागांत अशी नेपाळी कुटुंबं असतात. पाऊस सरला की येतात, आंबा उतरला की जातात. आम्ही त्यांना सरसकट गुरखा म्हणतो. नाव विचारायची तसदी मीही कधी घेतली नव्हती.

पाहुण्यांचं वर्गात सांगितलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्या टेबलाशी आली.

“बाई, माझी आई पण परदेशातली आहे. तिला बोलवाल?”

मला हसू आलं. “अगं, तुम्ही काय परके आहात? तुम्ही आमचेच की,” मी म्हणाले. किती मायेने बोललो आपण, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले. मी तिला नकार दिला होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

शुक्रवारी शाळेच्या शिपाईबाई आजारी पडल्या. पोहे आणि कोकम सरबत करायला कुणीच नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, बागेत निरोप दे, मुलीच्या आईला उद्या सकाळी शाळेत पाठवायला सांग. कशासाठी ते मी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. राखणीच्या बाईला कामाशिवाय कशाला बोलावणार?

शनिवारी ती साडेसातलाच हजर झाली. अंगात लाल मखमली चोळी, गळ्यात हिरव्या मण्यांची माळ, केसांना चापूनचोपून तेल. मी तिच्या हातात कांद्यांची पिशवी दिली. “एवढी नटून कशाला आलीस? डाग पडतील,” असंही वर म्हणाले. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाह्या सारून कांदे चिरायला बसली.

कार्यक्रम छान रंगला. जर्मन बाईंनी बर्फाचे फोटो दाखवले, मुलांनी तुम्ही काय खाता, तुमच्याकडे क्रिकेट असतं का, असलं सगळं विचारलं. ट्रे घेऊन आई बाकांमधून फिरत होती. ती जवळ आली की मुलगी खाली वहीत बघायची. सरबत घेताना जर्मन बाईंनी तिला तिचा देश विचारला. उत्तर ऐकून त्या उठून उभ्या राहिल्या, हात जोडून नेपाळीत दोन शब्द बोलल्या. मुलं बघतच राहिली. तेव्हा तरी मी एक खुर्ची पुढे ओढायला हवी होती. पण वेळ लांबेल म्हणून मी आभार मानायला उठले. त्या वेळची माझी घाई आठवली की आजही मला माझी लाज वाटते.

पाहुणे गेल्यावर ग्लास विसळून झाले, तशी ती हात पुसत मुलीला घेऊन माझ्याकडे आली. चोळीत खोचलेला घडीचा कागद तिने मला दिला.

“बाई, माझा नंबर नाही आला. लेकीने लिहून दिलेलं. काल रात्रभर पाठ केलं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिला फक्त कारण हवं होतं. मी तिथेच उभ्याने वाचलं. आमच्या गावात समुद्र नाही. आमच्या घरावर दगडांचं छप्पर आहे. समुद्र मी पहिल्यांदा बाईंच्या बागेतून पाहिला आणि घाबरले. अक्षर लेकीचं, एकही खाडाखोड नाही. शेवटची ओळ होती, ‘बाईंनी मला पाहुणी म्हणून शाळेत बोलावलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.’

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. माफी मागायला दोन शब्द पुरले असते. मी पुढच्या वर्षी नक्की, असं काहीतरी पुटपुटले, आत गेले आणि उरलेले पोहे डब्यात भरून तिच्या आईच्या हातात दिले.