सलग बैठक

आमच्या शाळामास्तरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ते वारले तेव्हा मी खांदा द्यायला गेलो नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

माझी धाकटी बहीण एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन नंदुरबारला माझ्याकडे आली. सहा इयत्ता शिकलेली. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाली तर मुलींच्या शाळेत बाई म्हणून लागणार. नाही तर जन्मभर दिराच्या घरची धुणीभांडी. दिराशी बोलणी मीच केली. डोक्यावर पाट्या वाहून मिरचीचा धंदा उभा केलेला मी माणूस, सौद्यात कुणाला हार जात नसे. त्याच्याकडून तिथल्या तिथे वदवून घेतलं: परीक्षा एकच. पास झाली तर कायमची माझ्याकडे, नापास झाली तर तुमची.

घरामागे मिरच्या वाळत घातलेल्या असत. ओली मिरची एका अंगावर पडून राहिली की पांढरी पडते, म्हणून ती सारखी हलवावी लागते. बहीण पडवीत बसून पान-दीड पान वाचायची, उठायची, मिरच्या हलवताना ओठ हलत असायचे, मग परत पुस्तकाशी. मला ते बघवेना.

“बूड टेकस नही तं उठनी! ही काय अभ्यासनी रीत शे?”

“दादा, मिरच्या हालाडता हालाडता धडा डोकामा बसस. नुसतं बठीसन डोकं भरी जास.”

“डोकं भरस, का पाय खाजाडतस?”

ती हसली. मी हसलो नाही. हे बोलणं रोजचंच झालं होतं.

मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “अभ्यासाला बैठक लागते. सहा-सहा तास सलग.” मला एकदम पटलं. दिवसातून दहा-पंधरा वेळा उठायचं, म्हणजे केवढा वेळ मातीत! मी मिरच्यांना रोजाची बाई लावली. बहिणीला आतल्या खोलीत बसवलं. पाण्याचा तांब्यादेखील हाताशी ठेवला, त्याच्यासाठी उठणं नको म्हणून.

पहिले काही दिवस तिचा वाचण्याचा आवाज खणखणीत यायचा. मग एकच धडा पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागला. एकदा दारात येऊन म्हणाली, “दादा, घडीभर बाहेर जाऊ?” मी असा खेकसलो की तिने पुन्हा विचारलं नाही. मीही समजलो, आता अभ्यासाला लागली.

धुळ्याला परीक्षा झाली. गणितात गेली, इतिहासात गेली. इतिहास तर मिरच्या हलवताना तिला घडाघडा यायचा. मी कानांनी ऐकला होता.

दीर गाडी जुंपून आला. मी आणखी एक वर्ष मागितलं. आवाज चढवला, मग उतरवला, शेवटी हात जोडले. तो शांतपणे म्हणाला, “पाव्हना, बोली तुम्हनीच शे.” त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं.

ती बोचकं घेऊन बाहेर आली. मी मास्तरांना शिव्या द्यायला लागलो. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दमलेलं माणूस पाहतं तसं.

“मास्तर एकदाव बोलनात, दादा. मी तं तुले रोज सांगं.”

एवढं बोलून ती गाडीत चढली. मी गाडीमागून वेशीपर्यंत चालत गेलो. ती बैलांकडे बघत बसली होती.