उजेडाजवळ सरकताना

आमच्या घरात एकच बल्ब होता. त्याखाली आई विड्या वळायची आणि मी अभ्यास करायचे. अक्षरं दिसत नाहीत म्हटलं की ती म्हणायची, "मग सरक की जवळ. उजेड काय तुझ्याकडं चालत येणार हाय?"

परवा कबड्डीच्या अंतिम सामन्याला हॉलमध्ये शिरले, तर तसलाच पिवळट उजेड. वर्तमानपत्रासाठी माझं हे पहिलंच काम होतं. फोटो हलला असता तर दुसरं मिळालं नसतं. फ्लॅशला पंचांची मनाई. शेजारच्या फोटोग्राफरकाकांनी माझी बोटभर लेन्स पाहिली.

"वाढदिवसाला आलाय का, ताई? मोठी लेन्स आणायची. इथं बसून सगळं जवळ येतं."

जवळ येतं खरं, पण दुकानात मला परवडेल अशा मोठ्या लेन्समधून उजेड कमी यायचा. धावणारी माणसं पुसट झाली असती. ही छोटी भरपूर उजेड घेते, फक्त आपल्याला जवळ जावं लागतं. जायचं की मग. कॉलेज तरी कुठं आमच्या गल्लीत आलं होतं?

मी मॅटच्या कडेला मांडी घातली. शेवटची चढाई. चढाईला निघालेल्या मुलीने मधल्या रेषेला हात लावून कपाळाला लावला, तेव्हाच मी तिच्या चेहऱ्यावर फोकस धरला. तिच्या दमाबरोबर माझाही दम कोंडला. चौघींच्या पकडीतून ती रेषेकडे झेपावली, बोटं टेकली, आणि मी बटण दाबलं.

सकाळी तो फोटो छापून आला. खाली माझं नाव होतं. आमच्या घरातलं छापलेलं ते पहिलं नाव.